उजवी मागची पिन

लुनेनबर्गला मीठ दोन बाजूंनी येतं:
समुद्रावरून, आणि हिवाळाभर
नगरपालिकेच्या ट्रकमागून सांडत.
इथं मीठ लोखंड खातं
आणि लोखंड खाल्ल्या मिठाला जागतं,
अडकलं तिथून हलत नाही.

केशरी डॅटसन मागून दोन घोड्यांवर, चाकं काढलेली.
ओरिन निकल, माझा बाप, वय एक्याऐंशी,
एकतीस वर्षं शिंपल्यांच्या बोटीवर इंजिनवाला,
फळीवर पाठ टेकून आत सरकतो,
आडव्या भुजेला कांब लावून हलवतो.
खट्.
"बुश कसलं, च्युइंगगम झालंय."
ही खट् मी चाळीस वर्षं ओळखते.
चर्चच्या चढावर, बर्फाच्या कारखान्यापाशी वळताना.

डावी पिन एका शनिवारात निघाली.
उजवीला तेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
ज्योत लावली, लाल केली, मेणबत्ती टेकवली,
घण घातला. म्हाताऱ्याने शिव्या घातल्या,
पणजोबांच्या जर्मन शिव्या,
ज्यांचा अर्थ घरात आता कुणालाच येत नाही.
शेवटी शेजारचा एल्डन झिंक
बोटींच्या गोदीतला मोठा पुलर घेऊन आला,
ताण देऊन तसाच ठेवून गेला.
चौथ्या शनिवारी आम्ही आत चहा पीत होतो
तेव्हा गॅरेजमध्ये बंदूक उडाल्यासारखं झालं.
पिन पाव इंच पुढे. आपली आपण.

जुनं रबर जाळलं. तो वास
केसांतून रविवारच्या प्रार्थनेपर्यंत आला.
बाहेरची पोलादी नळी करवतीच्या पात्याने आतून चिरायची,
भुजेला ओरखडा लागू न देता. हे काम माझं,
त्याच्या बोटांत आता पातं ठरत नाही.
"तुझ्या खुब्यातही नवं बुशच बसवलंय की," मी म्हटलं.
"बडबडू नकोस. काप."

मग त्याने पिन डिझेलने धुतली,
खिडकीच्या जुन्या काचेवर ठेवून बोटाने लोटली.
पिन लंगडली.
केसभर. पण लंगडली.
"कुणीतरी हिला आपटलीय."

ब्लू रॉक्सचा रस्ता, धुकं, मी सतरा वर्षांची,
शेजारी एक मुलगा, ज्याचं आडनावही आता आठवत नाही.
उजवं मागचं चाक खडकावर चढलं आणि उतरलं.
टायरवर खूणसुद्धा नव्हती.
मी ताडपत्री घातली आणि झोपायला गेले.

"मी होते ती," मी म्हटलं.
तो काचेकडेच बघत राहिला.
"मला वाटायचं, वेल्डा."
आईचं नाव त्याने चार वर्षांत पहिल्यांदा घेतलं.
"सफरीवरून आलो तर गाडी बोलायला लागलेली.
ती काही बोलली नाही. मी काही विचारलं नाही.
किल्ली मात्र..."

किल्ली मात्र त्या हिवाळ्यापासून
त्याच्या खिशात असायची, समुद्रावर गेला तरी.
आई किराण्याला चालत जायची.
मला वाटायचं, तिला चालायला आवडतं.

नवी पिन, नवी काळी बुशं. नट हातानेच फिरवले.
मी पाना लावला तर त्याने मनगट धरलं.
"हवेत नाही. चाकं चढव, खाली उतरव,
तिचं वजन तिच्यावर येऊ दे, मग आवळ.
लटकत असताना आवळलंस
तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं."

जॅक उतरला. गाडी टेकली, जराशी बसली.
मी कुशीवर होऊन आत शिरले.
वरून त्याचा श्वास ऐकू येत होता,
आणि पाना.

रविवारी किल्ली साखरेच्या डब्याशेजारी होती.
"दूध संपलंय," तो म्हणाला.

चर्चच्या चढावर मी कान देऊन होते,
वळणावरही. काहीच वाजलं नाही.
दुकानाच्या दारात थांबून मी मीटर बघितला.
दोन मैल.
येताना पुन्हा दोन.